चार टक्के बोनस आणि कराडची प्रार्थना

“या देशाला पाच वर्षं हुकूमशाही पाहिजे, सगळे सरळ होतील.” चाकणला जाणाऱ्या कंपनी बसमध्ये हे वाक्य महिन्यातून एकदा तरी माझ्या कानावर पडतं. बहुतेक वेळा बस तळेगाव चौकात अडकलेली असते तेव्हा. बोलणारा माणूस वाईट नसतो, त्याला फक्त वेळेवर घरी पोचायचं असतं. मग मागच्या सीटवरचं कुणीतरी वयस्कर पुस्ती जोडतं, “आणीबाणीत गाड्या घड्याळ लावून धावायच्या.”

आणीबाणी संपून पन्नास वर्षं होत आली, तरी तिची हीच एक आठवण बसमधून फिरत राहते. तुरुंग, सेन्सॉर, अटका हे सगळं पुस्तकांत आहे. बसमध्ये मात्र फक्त घड्याळ उरलंय. असं का झालं, या प्रश्नासाठी मी त्या काळाबद्दलची मराठी पुस्तकं वाचायला घेतली.

आधी थोडक्यात इतिहास. २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि २१ मार्च १९७७ला उठली. या एकवीस महिन्यांत लाखाहून अधिक लोक स्थानबद्ध झाले किंवा अटकेत गेले. वर्तमानपत्रांचा मजकूर छापण्याआधी तपासला जाऊ लागला. विनोबांच्या तोंडचा ‘अनुशासनपर्व’ हा शब्द सरकारने उचलून धरला. महाभारतातल्या एका पर्वाचं नाव अशा रीतीने सरकारी प्रचाराच्या कामाला लागलं.

योगायोग असा, की त्याच वर्षी मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी महाभारतावर ‘व्यासपर्व’ लिहिणारी बाई होती. दुर्गा भागवत. लोकसाहित्याच्या अभ्यासक, ‘ऋतुचक्र’च्या लेखिका. कुठल्या पक्षाच्या नाहीत, कुठल्या मोर्चाच्या पुढे नाहीत. त्यांचा दिवस ग्रंथालयात जायचा. डिसेंबर १९७५मध्ये संमेलन भरलं ते कराडला, म्हणजे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या गावात. यशवंतराव स्वतः हजर होते. तिथे दुर्गाबाई लेखकाच्या स्वातंत्र्यावर बोलल्या आणि जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचं आवाहन त्यांनी केलं.

आज हे वाचताना वाटतं, यात काय मोठं? आजारी माणसासाठी प्रार्थनाच तर केली. पण जयप्रकाश हे सरकारच्या लेखी देशाला धोका असलेले गृहस्थ होते. स्थानबद्धतेत त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून नोव्हेंबरमध्ये त्यांना सोडलं होतं. त्यांचं नाव जाहीर सभेत, एका केंद्रीय मंत्र्यासमोर, आदराने घ्यायचं म्हणजे बाजू घेणं होतं. दुर्गाबाईंनी त्यासाठी घोषणा दिली नाही. आजाऱ्याची विचारपूस करणं हा घरातला साधा रिवाज, तोच त्यांनी मांडवात आणला. अशा गोष्टीला विरोध तरी कसा करायचा?

१९७६मध्ये त्यांना अटक झाली, तीही मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयात. पुढे पद्मश्री आणि ज्ञानपीठ हे दोन्ही सन्मान त्यांनी नाकारले.

दुसरं साहित्य तुरुंगातून आलं. पिंपरीहून तासाभराच्या आत पोचता येईल अशा येरवड्यात तेव्हा समाजवादी आणि संघाचे लोक एकाच वेळी कोंडलेले होते. बाहेर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एका आवारात राहत होती. कुमार सप्तर्षी यांनी आपल्या पुस्तकाला नाव दिलं ‘येरवडा विद्यापीठातील दिवस’. विनय हर्डीकर यांनी ‘जनांचा प्रवाहो चालिला’ लिहिलं. त्या पुस्तकाला राज्य सरकारचा पुरस्कार जाहीर झाला आणि नंतर रद्दही झाला. तेव्हा आणीबाणी उठलेली होती. पुस्तकाची धास्ती मात्र उठली नव्हती.

ही पुस्तकं वाचून संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांत लिहिणारे कोण आहेत? कार्यकर्ते, पत्रकार, अभ्यासक. ज्यांना टेबल, कागद आणि लिहायची सवय होती ते. आमच्या भागातला माणूस, म्हणजे तिन्ही पाळ्यांत मशिनवर उभा राहणारा, तिथे कडेकडेने येतो. आणि आणीबाणी तर त्याच्या थेट पगाराच्या पाकिटात शिरली होती.

सप्टेंबर १९७५मध्ये वटहुकूम निघाला आणि किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, सोप्या भाषेत एक महिन्याचा पगार. महिना ४०० रुपये मिळवणाऱ्याचा हिशोब करा. वर्षाचे झाले ४,८०० रुपये. जुन्या दराने किमान बोनस ४००, नव्या दराने १९२. नफ्यातल्या कारखान्यात जास्तही मिळू शकत होतं, पण हक्काचा किमान आकडा निम्म्याहून खाली गेला. आणि त्यावर संप करायचा तर पुढारी आत जाण्याची भीती. ८.३३चा आकडा परत आला तो १९७७मध्ये, सरकार बदलल्यावर.

गाड्या वेळेवर धावल्याची आठवण टिकली, २०८ रुपये कमी मिळाल्याची टिकली नाही. कारण गाड्यांची जाहिरात झाली होती. बोनसचा हिशोब घरातच राहिला. जानेवारी २०१६मध्ये साहित्य संमेलन पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर भरलं. १९५४पासून पिंपरीत असलेली ही कंपनी म्हणजे इथल्या उद्योगनगरीच्या पहिल्या पायऱ्यांपैकी एक. संमेलन कामगारांच्या दारात आलं, पण १९७५चं कामगाराचं पान अजून कोरंच आहे.

घरात राहिलेली गोष्ट पुस्तकात कशी येते, हे मला एका लांबच्या देशाच्या साहित्यात दिसलं. कॅरिबियन समुद्रातलं डॉमिनिकन रिपब्लिक. तिथे राफाएल त्रुहियो याने १९३०पासून ३१ वर्षं सत्ता गाजवली. राजधानीला स्वतःचं नाव दिलं. पात्रिया, मिनर्वा आणि मारिया तेरेसा या मिराबाल बहिणी त्याच्याविरुद्ध भूमिगत काम करत होत्या. २५ नोव्हेंबर १९६०ला तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून परतताना वाटेत त्यांचा आणि त्यांच्या ड्रायव्हरचा खून झाला. अपघाताचा देखावा करण्यासाठी गाडी दरीत ढकलली. पुढच्या मे महिन्यात त्रुहियो गोळ्यांनी मारला गेला.

आपल्याकडे आणीबाणी मतपेटीने संपली, तीही एकवीस महिन्यांत. त्यामुळे दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. पण एक धागा उपयोगाचा आहे. चौथी बहीण देदे जगली. तिने बहिणींची मुलं वाढवली आणि येईल त्याला ती गोष्ट सांगत राहिली. हुलिया आल्वारेझ हिचं कुटुंब त्याच १९६० साली पळून न्यूयॉर्कला गेलं होतं, तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिने या बहिणींवर कादंबरी लिहिली ती १९९४मध्ये, खुनानंतर ३४ वर्षांनी. त्यात मिराबाल बहिणी पुतळे नाहीत. त्या भांडतात, घाबरतात, प्रेमात पडतात. २५ नोव्हेंबर हा दिवस आज जगभर स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा दिवस म्हणून पाळला जातो.

देदे लेखिका नव्हती. तिने फक्त सांगायचं थांबवलं नाही, आणि ऐकणारी पुढची पिढी लिहिती निघाली.

१९७५मध्ये विशीत असलेला कामगार आज सत्तरीत आहे. निगडी, आकुर्डी, भोसरीच्या बागांमध्ये संध्याकाळी बाकांवर अशी माणसं बसलेली असतात. कदाचित तुमच्या घरातही आहेत. त्यांना “तेव्हा शिस्त होती का हो?” असं विचारलं तर गाड्यांचंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, “आजोबा, त्या दिवाळीला हातात किती पैसे आले होते? आणि युनियनच्या मीटिंगला कोण कोण यायचं बंद झालं?”

मग फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि मध्ये बोलू नका.