गिटार, खंजिरी आणि अनघड आवाज

१/ जानेवारी १९६९. लंडनमध्ये ‘बीटल्स’ या जगप्रसिद्ध रॉक बँडने ठरवले, की नव्या अल्बममध्ये स्टुडिओची कारागिरी नको. सर्वांनी एकत्र वाजवावे आणि ते जसेच्या तसे टिपले जावे.

२/ ३० जानेवारीला त्यांनी आपल्या कार्यालयाच्या गच्चीवर वादन केले. ध्वनिफिती मात्र पडून राहिल्या. १९७० मध्ये निर्माते फिल स्पेक्टर यांनी काही गाण्यांवर वाद्यवृंद आणि समूहस्वर चढवले. मे महिन्यात ‘लेट इट बी’ आला, तोवर बँड फुटला होता. हा साज उतरवलेली आवृत्ती निघायला २००३ साल उजाडले.

३/ अनघड आवाज टिकवणे इतके अवघड का असावे? वऱ्हाडातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरते.

४/ चांदूर बाजार तालुक्यातील माधानचे प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांचा मार्ग शास्त्रचर्चेचा आणि विपुल ग्रंथरचनेचा. त्याच अमरावती जिल्ह्यात, यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेतली.

५/ लाकडी कडे, एका बाजूस ताणलेले चामडे, कडेत बसवलेल्या लहान झांजा: एवढेच हे वाद्य. ते एका हातात मावते. भजनाची ओळ सोपी, कधी मराठी तर कधी हिंदी. एकाने म्हणावी, जमावाने उचलावी. ऐकणाराच गाणारा होतो.

६/ १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून महाराज सेवाग्रामला राहिले. ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण हे विषय खंजिरीच्या ठेक्यावर गावोगाव पोचले. आष्टी-चिमूरच्या उठावामागे या भजनांची प्रेरणा मानली जाते. १९४२ मध्येच इंग्रज सरकारने महाराजांना अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले.

७/ बीटल्सचा अनघडपणा फितीत होता आणि फीत दुसऱ्याच्या हाती गेली. खंजिरी भजनाचा आवाज जमावाच्या कंठात होता. त्यावर साज चढवायला कुणाकडे काही उरतच नव्हते. सरकारला तो थांबवायचा तर गाणाऱ्यालाच कोंडावे लागले.

८/ तुकडोजी महाराजांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. पुढच्या तीन महिन्यांच्या आत बीटल्सचा तो प्रयोग सुरू झाला. विदर्भात खंजिरी भजनाच्या स्पर्धा आजही भरतात.