कंसातील भरपाई

सरकारी कागद वाचण्यात ज्यांचे आयुष्य जाते त्यांना एक खोड जडते. वाक्य वाचण्याआधी ते कंस पाहतात. घेण्याची गोष्ट वाक्यात ठसठशीत लिहिलेली असते. देण्याची पुष्कळदा कंसात असते. 1897 चा साथरोग कायदा 2020 च्या मार्चमध्ये पुन्हा टेबलावर आला, तेव्हा काशीच्या कचेरीत बसून आम्ही तो प्रथमच मुळातून वाचला. अवघी चार कलमे! दुसऱ्या कलमात प्रवाशांची तपासणी आहे, रोग्यांना वेगळे ठेवणे आहे, आणि होणारा खर्च कोणी व कसा सोसावा हे ठरविण्याचा अधिकार आहे. त्या खर्चाला लागून कंसात नुकसानभरपाईचा उल्लेख येतो, तोही 'असल्यास' अशा अटीने.

हा कायदा आपल्याच मुलखातील संकटातून जन्मला. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला, आणि पुढील वर्षी पुण्यात जे घडले, रँडची घरझडती व 22 जूनची रात्र, ते मराठी माणसास सांगावयास नको. पण त्या साथीचा व्यापारी इतिहास आपण फारसा स्मरत नाही. मुंबईचे गिरणी कामगार गावोगाव पांगले, आणि मालक नाक्यानाक्यांवर उभे राहून रोजच्या रोज मजुरी देऊन माणसे मिळवू लागले. कापडाला गिऱ्हाईक होते, म्हणून राहिलेल्या मजुराला काही काळ भाव आला.

सव्वाशे वर्षांनी काशीत नेमके उलट झाले. कारागीर होता, माग होता. गिऱ्हाईक नाहीसे झाले. 25 मार्च 2020 पासून देश बंद झाला. मदनपुरा, अलईपुरा, बजरडीहा या वस्त्यांतून जाताना कानी पडणारी मागांची खटखट थांबली. कुंजगलीतील गद्द्या ऐन लग्नसराईत बंद राहिल्या. या व्यापाराची घडण ध्यानात घेतली पाहिजे. गद्दीवरचा व्यापारी गिरस्त्याला, म्हणजे मुख्य विणकराला, काम सांगतो. गिरस्ता कारागिराला रेशीम व नक्षी देतो. कारागिराच्या घरच्या बायका कांड्या भरतात. यांतील बहुतेक व्यवहार शब्दावर चालतो. शब्दाची नक्कल फाइलीस जोडता येत नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. माणशी 5 किलो धान्य दरमहा फुकट मिळाले. जनधन खाते असलेल्या स्त्रियांना तीन महिने 500 रुपये मिळाले. ज्या घरात चूल थांबली असती तेथे ती पेटती राहिली. उद्योगांसाठी 13 मे 2020 रोजी 3 लाख कोटी रुपयांची तारणाविना कर्जयोजना जाहीर झाली. मात्र तिचा हिशेब 29 फेब्रुवारी 2020 च्या थकबाकीवर होता: त्या दिवशी जेवढे कर्ज शिल्लक, त्याच्या 20 टक्के नवे कर्ज. मुद्रा योजनेचे कर्जदारही तीत बसत होते. पण ज्याच्या नावावर त्या दिवशी कर्जच नव्हते, त्याच्या शून्याचे 20 टक्के किती होतात?

टाळेबंदी ज्या 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली पुकारली गेली, त्यात भरपाई कंसाबाहेर आलेली आहे. बाराव्या कलमात उपजीविकेची साधने पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्याचे नाव आहे. तेराव्यात सवलतीच्या कर्जाचे. व्यापाराच्या वाट्यास मुख्यतः आले ते तेराव्याच्या वळणाचे.

त्यात जकातीची भर पडली. बनारसचा कारागीर रेशीम पिकवीत नाही. कर्नाटकातून अथवा चीनमधून आलेले विणतो. 1934 साली देशी रेशमास संरक्षण म्हणून परदेशी रेशमावर जकात बसली, तेव्हापासून कोसल्याचा शेतकरी आणि मागावरचा विणकर एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसले आहेत. 2011 साली कच्च्या रेशमावरील आयातकर 30 टक्क्यांवरून 5 वर आला, 2013 साली तो 15 झाला, पुढे 10 वर उतरला, आणि 1 फेब्रुवारी 2021 च्या अंदाजपत्रकाने पुन्हा 15 वर गेला. शेतकऱ्याचे हित खोटे नव्हे. पण साडी खपत नसलेल्या वर्षी धाग्यावर वाढलेला कर विणकराने कोणाकडून वसूल करावा?

मग काय करता आले असते? उत्तरासाठी फार दूर जावयास नको. 1896-97 च्या दुष्काळात सोलापूरच्या विणकरांपुढे हाच प्रश्न होता. खडी फोडून त्यांचे हात मागाच्या कामाचे राहिले नसते. म्हणून त्यांना त्यांच्याच मागावर काम देण्याची तजवीज झाली: सूत द्यावे, मजुरी द्यावी, कापड घ्यावे. ती व्यवस्था तोकडी होती, आणि देणारे परके होते. पण संकटात कारागिरास कर्जाआधी काम हवे असते, हे सूत्र तीत होते.

आमच्या गल्लीच्या टोकाशी राहणाऱ्या एका वृद्ध कारागिरास आम्ही एकदा कर्जाचा अर्ज भरून देऊ केला. त्याने तो नम्रपणे परत केला. साडी विकली जाईल तेव्हा उधारी फिटेल, आणि साडी विकली जात असती तर उधारी कशाला लागली असती, इतकेच तो म्हणाला. त्या अर्जात 'मागावर अर्धी राहिलेली साडी' असा रकाना नव्हता. रकाने आखणाऱ्यांपैकीच आम्ही एक आहोत. म्हणून हा दोष दुसऱ्यावर ढकलण्याचा अधिकार आम्हांस नाही.

आपल्यापैकी कित्येकांच्या हातून पुढच्या संकटाचे मसुदे जातील. ते टंकलिखित करताना कंसातला मजकूर एकदा बाहेर काढून वाचावा, एवढीच विनंती.