नरभक्षक (विशेषण)

माणसाला सावज मानून मारणारा व खाणारा. मुख्यतः वाघ आणि बिबट्या यांच्यासाठी वापरतात. इंग्रजी ‘मॅन-ईटर’ या शब्दासाठी रूढ. जिम कॉर्बेट यांच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ (१९४४) या पुस्तकाने तो शब्द जगभर नेला.

चंद्रपूर-गडचिरोलीत हे विशेषण वर्तमानपत्रांत आणि मोर्चांच्या निवेदनांत अधिक दिसते. गावात लोक ‘वाघानं माणूस नेला’, ‘वाघ चटावला’ असे म्हणतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ मध्ये हा शब्द नाही. तेथे मानवी जीवितास धोकादायक झालेल्या प्राण्याचा उल्लेख आहे. अशा वाघाला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही, अशी खात्री झाल्यावरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याचा आदेश देऊ शकतात.

एका मृत्यूवरून वाघ नरभक्षक ठरत नाही. मे महिन्यात बायका भल्या पहाटे तेंदूपानांसाठी जंगलात शिरतात. तेंदूची झुडपे बुटकी, त्यामुळे पाने खुडताना कंबर वाकलेली आणि नजर पानांवर असते. वाकलेली आकृती वाघाला चार पायांच्या सावजासारखी भासू शकते. पिल्ले जवळ असतील तर वाघीण तशीही अंगावर येते. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने आणायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अचानक गाठ पडून झालेला मृत्यू आणि माणसावर पाळत ठेवून केलेली शिकार यांत राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण फरक करते. त्यासाठी पाऊलखुणा, कॅमेऱ्यातील छायाचित्रे आणि जखमेतील लाळेचा डीएनए तपासतात.

राजुऱ्याचा आरटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये जेरबंद झाला. सीटी-१ हा दुसरा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात पकडला गेला. १३ माणसांचे मृत्यू त्याच्या नावावर होते. त्याच्या नावातले ‘सी’ हे ‘कॉन्फ्लिक्ट’चे, म्हणजे संघर्षाचे आद्याक्षर. सरकारी नोंदीपुरता ‘संघर्ष’ हा शब्द अधिक प्रामाणिक आहे. पण ज्या घरातली बाई जंगलातून परतली नाही, त्या घराने वाघाला नरभक्षक म्हटले तर त्यांना शब्दार्थ शिकवायला कोणी जाऊ नये. पुराव्याची जबाबदारी वार्ताहर आणि अधिकारी यांची आहे. पहिल्याच दिवशी मथळ्यात ‘नरभक्षक’ छापणे चूक. वाघाच्या हल्ल्यातील मृत्यूची शासकीय भरपाई मिळण्यासाठी वाघ नरभक्षक ठरावा लागत नाही.