तीन माणसांचा फोटो

(पोस्ट लांब आहे. प्रचाराचे दिवस आहेत म्हणून लिहितोय. सवडीनं वाचा.)

१९५९ सालचा एक फोटो आहे. अमेरिकेतलं ओरेगॉन राज्य, पोर्टलंडचा विमानतळ. एक तरुण सिनेटर आलाय आणि स्वागताला आहेत मोजून तीन समर्थक. सिनेटरचं नाव जॉन एफ. केनेडी. पुढच्याच वर्षी हा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. देशभर पडलेल्या सुमारे ६ कोटी ८८ लाख मतांत त्याची आघाडी होती जेमतेम १ लाख १२ हजारांची.

आता गंमत बघा. हा फोटो विरोधी पेपरवाल्यानं काढलेला नाही. केनेडींच्याच प्रचारातल्या फोटोग्राफरनं काढलाय. त्याचं नाव जाक लो. आपल्याकडं उमेदवाराच्या माणसानं असा फोटो काढला तर दुसऱ्या दिवशी कॅमेरा बॅगेत घालून घरी बसावं लागेल!

लो मूळचा जर्मनीतल्या कोलोनचा, जन्म १९३०. आई ज्यू, त्यामुळं हिटलरच्या काळात लपून दिवस काढलेले. १९४९ मध्ये अमेरिकेत आला, फोटोग्राफरच्या हाताखाली शिकला. १९५६ च्या सुमारास एका मासिकाच्या कामात त्याची गाठ धाकट्या भावाशी, रॉबर्ट केनेडींशी पडली. त्यानं त्या कुटुंबाचे फोटो काढले, ते म्हाताऱ्या वडलांपर्यंत, जोसेफ केनेडींपर्यंत पोचले. लो सांगायचा, की १९५८ मध्ये एके मध्यरात्री म्हाताऱ्याचा फोन आला : आता माझ्या दुसऱ्या मुलाचे फोटो काढ. दुसरा मुलगा म्हणजे जॉन. तिथून तो प्रचारात शिरला तो थेट व्हाइट हाऊसपर्यंत.

त्याचं काम बघताना माझ्यासारख्याच्या लक्षात येतं, की भाषणाचे फोटो त्यातले सगळ्यात साधे. खरी कमाई आहे ती मधल्या वेळेची. ओरेगॉनमधल्याच एका खाणावळीत केनेडी, बायको जॅकलिन आणि मेहुणा कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेत आणि आजूबाजूला कुणाला त्यांचं काही नाही. जुलै १९६० मध्ये लॉस एंजेलिसला पक्षाचं अधिवेशन होतं. तिथं हॉटेलच्या खोलीत दोघं भाऊ मान खाली घालून बोलतायत. लिंडन जॉन्सनना उपाध्यक्षपदाचं तिकीट द्यायचं की नाही, हा घोळ तेव्हा चालू होता. खोलीत तिसरा कोण, तर कॅमेरावाला. दोन वर्षं मागं मागं फिरल्याशिवाय अशी खोली उघडत नाही.

पण भाबडेपणानं वाचू नका. लो घरचाच झाला होता. सुखी, देखण्या कुटुंबाची जी प्रतिमा अमेरिकेनं डोक्यावर घेतली, ती उभी करण्यात त्याच्या फोटोंचा मोठा हात आहे. केनेडींना ॲडिसनचा आजार होता आणि प्रचारात तो दडवला गेला. लोच्या फोटोंत थकवा दिसतो, आजार दिसत नाही. तरीही मी म्हणेन, प्रचाराच्या पगारावरचा का होईना, आत उभा असलेला एक नजरेचा माणूस होता, आणि निगेटिव्ह त्यानं स्वतःजवळ जपल्या.

त्या निगेटिव्हचं पुढं काय झालं, ते ऐका. चाळीस हजारांवर निगेटिव्ह होत्या. लोनं त्या न्यूयॉर्कमध्ये एका बँकेच्या तिजोरीत ठेवल्या. इमारत कुठली, तर वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आवारातली पाच नंबरची. लो मे २००१ मध्ये वारला. चार महिन्यांनी, ११ सप्टेंबरला, ते सगळं जळालं. तिजोरी सापडली, आत राख.

वाचलं काय? कॉन्टॅक्ट शीट. तरुण मुलांसाठी सांगतो : डार्करूममध्ये अख्ख्या रोलच्या पट्ट्या सरळ कागदावर मांडून एक प्रिंट काढायचे, प्रत्येक फोटो निगेटिव्हएवढाच, टिकलीसारखा. त्यावर रंगीत पेन्सिलनं खुणा करून निवड व्हायची. या शीट दुसरीकडं होत्या म्हणून राहिल्या. पुढं वॉशिंग्टनच्या 'न्यूझियम' या पत्रकारितेच्या संग्रहालयानं त्या स्कॅन करून, पेन्सिलीच्या खुणा, डाग, ओरखडे एकेक काढून फोटो परत उभे केले. २०१३ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं.

आता आपल्याकडं या. तालुक्याच्या गावात सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सभांचे फोटो कुणी काढले? स्टुडिओवाल्यांनी. दिवसा लग्न, संध्याकाळी सभा. आमच्याकडचा एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा पोरांनी निगेटिव्हची पोती भंगारात घातली. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममधून चांदी निघते, म्हणून घेणारा खूश. गावच्या तीस वर्षांच्या राजकारणाचा किलोवर हिशोब झाला.

आणि आजचं तर विचारूच नका. प्रत्येक उमेदवाराची 'सोशल मीडिया टीम', ड्रोन, रात्री आठला ग्रुपवर दहा फोटो. आमचे पेपर तेच छापतात. गर्दी भरली की ड्रोन वर, गर्दी नसली की क्लोजअप. रिकाम्या खुर्च्या टिपतं कोण, तर निवडणूक आयोगाचं व्हिडिओ पथक, आणि तेही खर्चात किती खुर्च्या धरायच्या ते मोजायला. उद्या आपल्या तालुक्याच्या निवडणुकीचा इतिहास लिहायचा झाला तर सगळ्यात प्रामाणिक चित्रण कदाचित तेच निघेल.

एक विनंती. कुणाच्या घरी, बंद स्टुडिओच्या माळ्यावर जुन्या सभांच्या, मिरवणुकांच्या, मतमोजणीच्या निगेटिव्ह किंवा कॉन्टॅक्ट शीट असतील तर इनबॉक्समध्ये कळवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत असतील तर आधी बाहेर काढा, ओल धरून चिकटतात. धुवायला, पुसायला जाऊ नका. आहेत तशा कागदात गुंडाळून ठेवा, मी येऊन स्कॅन करून नेतो. मूळ तुमच्याकडंच राहील. फोटोत कोण आहे हे सांगणारं म्हातारं माणूस घरात असेल, तर त्यांची वेळ तेवढी आधी विचारून ठेवा.