रोझेलचं घर आणि फिलाडेल्फियाची खोली

आनंदीबाई जोशी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक, गोपाळरावांचा हट्ट, श्री. ज. जोशींची कादंबरी, अलीकडचा सिनेमा आणि अवघ्या एकविसाव्या वर्षी आलेला मृत्यू. हे सगळं बरोबरच आहे. पण मी तुम्हाला एक वेगळा प्रश्न विचारते. १८८३ ते १८८६ ही तीन वर्षं आनंदीबाई अमेरिकेत झोपत कुठे होत्या? जेवण कोण करायचं? थंडीत शेगडी कोण पेटवायचं?

प्रश्न बारीकसारीक वाटतो ना? माझ्या प्रबंधाचा विषय साधारण हाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला आपल्याकडची जी मुलं-मुली शिकायला परदेशी गेली, त्यांचं तिथलं रोजचं जगणं कसं होतं, आणि ज्या घरांनी त्यांना ठेवून घेतलं त्या घरांचा त्यांच्या शिक्षणात वाटा किती, हे मी शोधते आहे. 'इंटर्नशिप', 'होस्ट फॅमिली' हे शब्द आज आपल्या ओळखीचे झाले आहेत, पण ही व्यवस्था काही आजची नाही. आजच्या लेखात त्यातली एकच गोष्ट सांगते.

सुरुवात होते एका दाताच्या डॉक्टरच्या दवाखान्यात. आनंदीबाईंना शिकवण्यासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, अशी विचारणा गोपाळरावांनी मिशनऱ्यांकडे केली होती. तो पत्रव्यवहार एका अमेरिकन मिशनरी मासिकात छापून आला, सोबत संपादकांचं उत्तरही. उत्तराचा सूर असा, की ख्रिस्ती व्हाल तर मदतीचा विचार करू. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या, तेव्हा हे मासिक त्यांच्या हाती पडलं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. इथे आलीस तर माझ्या घरी राहा, असं त्यांचं आमंत्रण होतं, आणि त्याला धर्मांतराची अट नव्हती.

इथे जरा थांबूया. पुढची जवळजवळ तीन वर्षं या दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. फक्त पत्रं चालू होती. आनंदीबाईंची तब्येत भारतात असतानाच बरी नव्हती: डोकेदुखी, ताप, अशक्तपणा. कार्पेंटरबाई अमेरिकेतून औषधंही पाठवत होत्या. आनंदीबाई इंग्रजी पत्रात त्यांना 'आंट' लिहायच्या. मराठीत आपण 'कार्पेंटरमावशी' म्हणतो, आणि मला ते भाषांतर फार अचूक वाटतं. आत्या किंवा काकू नाही, मावशीच. आपल्याकडे मावशी म्हणजे माहेरचा, आईच्या बाजूचा आधार. म्हणजे आनंदीबाई बोटीत चढल्या तेव्हा परदेशात त्यांना आयतं माहेर होतं.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केलं. आपण का जातो आहोत, एकटी का जातो आहोत, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट सुटली, आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. न्यायला मावशी आल्या होत्या.

रोझेल हे न्यूयॉर्कपासून फार लांब नसलेलं छोटं गाव. कॉलेज सुरू होणार होतं ऑक्टोबरमध्ये, म्हणजे मधे चार महिने होते. माझ्या मते आनंदीबाईंच्या अमेरिकेतल्या शिक्षणाचं पहिलं सत्र हेच. परीक्षा नव्हती, पण रोज काही ना काही सोडवावं लागत होतंच.

कपड्यांचंच घ्या. नऊवारी नेसली की पोटऱ्या आणि कंबरेचा भाग उघडा राहतो, आणि न्यू जर्सीच्या थंडीत ते चालणार नव्हतं. गाऊन घातला तर लोक म्हणणार, बाटली. आनंदीबाईंनी मधला मार्ग काढला: गुजराती पद्धतीने साडी नेसायची. अंगही झाकलं जातं आणि साडीही राहते. हा विषय नवरा-बायकोच्या पत्रांतही आला. हजारो मैलांवरून 'आज काय नेसू' याची चर्चा पोस्टाने व्हायची, आणि उत्तर येईपर्यंत ऋतू बदललेला असायचा! पुढचं अन्न. त्या शाकाहारी राहिल्या, आणि कार्पेंटरांच्या घरात ते चालवून घेतलं गेलं.

'चालवून घेतलं गेलं' हे किती मोठं आहे, ते कळायला त्याच वर्षातली दुसरी एक मराठी बाई बघावी लागते. १८८३ मध्येच पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या. त्यांनाही वैद्यकच शिकायचं होतं, पण कमी ऐकू येत असल्यामुळे ते राहून गेलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी तिथे बाप्तिस्मा घेतला. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता, आणि पुढे याच रमाबाई मठातल्या जोगिणींशी धर्मशास्त्रावर जोरात वाद घालत राहिल्या. शाकाहारावरूनही त्यांना बोलणी ऐकावी लागली: जुन्या जातीचा अभिमान अजून सुटलेला नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे बघा, दोन्ही घरं ख्रिस्ती, दोन्ही बायका शाकाहारी. एका घरात ताटातला पदार्थ ही आवडीनिवडीची बाब राहिली, दुसरीकडे ती श्रद्धेची परीक्षा झाली. आपल्या अभ्यासात 'परदेशगमन' असा एकच शब्द वापरून आपण या दोघींना एका ओळीत बसवतो. पण चुलीपाशी गेलात, की ओळ तुटते.

रोझेलहूनच, पोहोचल्यानंतर महिन्याच्या आत, २८ जूनला आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. आपल्या देशातल्या बायका मरण पत्करतील पण पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणार नाहीत, त्यांना खरी मदत मिळावी म्हणून मला शिकायचं आहे, असा त्या पत्राचा आशय. हे पत्र आज खूप ठिकाणी वाचायला मिळतं. ते वाचताना वर लिहिलेलं गावाचं नावही वाचा. त्या घरातल्या कुठल्यातरी टेबलावर ते लिहिलं गेलं आहे.

आता थोडं संशोधनाच्या पद्धतीबद्दल. आनंदीबाईंच्या रोजच्या जगण्याबद्दल आपल्याला कळतं ते मुख्यतः तीन वाटांनी: त्यांनी गोपाळरावांना लिहिलेली पत्रं, कार्पेंटरमावशींना लिहिलेली पत्रं, आणि त्यावरून झालेली चरित्रं. कॅरोलाइन डॉल यांचं इंग्रजी चरित्र १८८८ साली, आनंदीबाई गेल्यानंतर वर्षभरातच आलं. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलं. डॉलबाईंना साहित्य पुरवणाऱ्यांत कार्पेंटरमावशी होत्या, कारण त्यांनी पत्रं जपून ठेवली होती.

पण पत्रांची एक गंमत असते. शेजारच्या खोलीतल्या माणसाला कुणी पत्र लिहीत नाही. त्यामुळे आनंदीबाई रोझेलला राहत होत्या तेव्हा मावशींना पत्रं नाहीत, आणि फिलाडेल्फियाला गेल्या की पत्रं पुन्हा सुरू. याचा परिणाम असा होतो की सुखाचे दिवस कागदावर पातळ दिसतात आणि त्रासाचे दिवस जाड. इतिहास वाचताना हे कायम लक्षात ठेवावं लागतं. जिथे कागद कमी आहेत तिथे काही घडलंच नाही, असं समजू नका. कदाचित तिथे कुणीतरी वेळेवर गरम जेवण वाढत असेल, म्हणून लिहायची गरज पडली नसेल.

फिलाडेल्फियात काय होतं? कॉलेज चांगलं होतं. डीन रेचल बॉडली यांनी आनंदीबाईंना मनापासून सांभाळलं. पण राहायची खोली म्हणजे घर नव्हे. खोलीतल्या शेगडीचा धूर नीट बाहेर जात नसे. पेटवली की खोलीभर धूर, विझवली की गारठा. दोन्हीपैकी एक निवडायचं. दिवसभर लेक्चर, शवविच्छेदन, वाचन. आणि संध्याकाळी खोलीवर आल्यावर शाकाहारी माणसाने काय खायचं, हा रोजचा प्रश्न. सुट्टी लागली की त्या रोझेल गाठायच्या, यात नवल नाही. गोपाळराव अमेरिकेत आले ते थेट १८८५ मध्ये. तोपर्यंत 'घरी जाते' याचा अर्थ मावशीकडे जाते एवढाच होता.

त्याच १८८५ च्या ऑक्टोबरमधला एक फोटो तुम्ही पाहिला असेल. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, आणि दमास्कसच्या सबात इस्लामबूली. तिघी एकाच कॉलेजच्या विद्यार्थिनी. समाजमाध्यमांवर तो 'पहिल्या बायका' म्हणून फिरतो. मला तो बघताना वेगळंच वाटतं: फोटो काढून झाल्यावर तिघी कुठल्या कुठल्या खोल्यांवर परतल्या असतील, आणि तिथे शेगडी पेटलेली असेल का?

तुम्ही म्हणाल, आनंदीबाई क्षयाने गेल्या, त्यात शेगडीचा काय संबंध? धुराने क्षय होत नाही, हे खरंच. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ च्या मार्चमध्येच जाहीर केला होता, म्हणजे आनंदीबाई बोटीत बसण्याच्या वर्षभर आधी. पण रोगाचं कारण कळणं आणि औषध मिळणं यात तेव्हा साठ वर्षांचं अंतर होतं. क्षयावर खऱ्या अर्थाने चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. मधल्या काळात डॉक्टर सांगायचे काय? विश्रांती, ऊब, स्वच्छ हवा, पोटभर सकस अन्न. ही यादी पुन्हा वाचा. यातलं दवाखान्यात मिळणारं जवळजवळ काहीच नाही. सगळं घरात मिळतं, आणि तेही कुणीतरी आपल्यासाठी करत असेल तर.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या काळात औषध नव्हतं, त्या काळात यजमानांचं घर हा शिक्षणाचा 'बाहेरचा' खर्च नव्हता, शिक्षण पुरं होण्याची ती अट होती. फी, शिष्यवृत्ती, प्रवेश यांची कागदपत्रं संस्था जपतात. दूध, कोळसा, पांघरूण यांचा हिशेब कुणी जपत नाही. म्हणून आपण 'जिद्द' हा शब्द वापरतो आणि बाकी सगळं त्यात बसवतो. जिद्द होतीच. पण जिद्दीने खोली गरम होत नाही.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. त्यानंतरचा टप्पा म्हणजे इंटर्नशिप. बोस्टनमधलं न्यू इंग्लंड हॉस्पिटल हे बायका आणि मुलांसाठीचं रुग्णालय १८६२ मध्ये मारी झाक्रझेव्स्का या डॉक्टरबाईंनी सुरू केलं होतं. नव्या डॉक्टर झालेल्या बायकांना वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकता येईल अशा मोजक्या जागांपैकी ती एक. आनंदीबाई तिथे गेल्या. पण हॉस्पिटलमध्ये राहून काम करणं म्हणजे रात्री-अपरात्री उठणं, जिने चढणं-उतरणं, दुसऱ्यांची शुश्रूषा करणं. रोझेलला मावशी होत्या, फिलाडेल्फियात निदान सुट्ट्या होत्या. इथे राहणं म्हणजेच काम. तब्येतीने साथ दिली नाही, आणि प्रशिक्षण अर्धवट टाकून त्यांना निघावं लागलं. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरलेली होती. ती हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या.

त्यांच्या अस्थी मावशींकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचं स्मारक आहे. त्यावर, शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशी ओळख कोरलेली आहे. शब्द 'पहिली' सांगतात. दगड मात्र कुटुंबाच्या जागेत उभा आहे. मला त्यातली जागा जास्त बोलकी वाटते.

पुढे या घरांचं काय झालं, ते पुढच्या लेखात. थोडक्यात सांगायचं तर लंडनमध्ये १९०५ साली श्यामजी कृष्णवर्म्यांनी हायगेटला 'इंडिया हाउस' उघडलं, तेव्हा विद्यार्थी कुणाकडे राहतो हा राजकारणाचा प्रश्न झाला, आणि सरकारही त्यात लक्ष घालू लागलं. तिथे काळजी आणि पाळत यांची सरमिसळ कशी झाली ते बघू.

जाता जाता एक विनंती. तुमच्या घरात आजोबा-पणजीच्या वेळची परदेशातून आलेली पत्रं असतील, तर 'यात काही विशेष नाही, नुसतं जेवणाखाण्याचं लिहिलंय' म्हणून रद्दीत घालू नका. खोलीचं भाडं, घरमालकिणीचं बोलणं, भाताला लागलेला वास, पहिल्या थंडीत विकत घेतलेला कोट, असं काही सापडलं तर पानावर तारीख आहे का बघा, पाकिटासकट ठेवा, स्टेपलर मारू नका. आणि तुमची लेक किंवा भाचा यंदा बाहेर निघाला असेल, तर कॉलेजचं रँकिंग विचारून झाल्यावर एवढं नक्की विचारा: राहणार कुणाकडे, आणि तिथे हीटर नीट चालतो का?