स्प्रंकी

‘इन्क्रेडिबॉक्स’ या फ्रेंच संगीतखेळाच्या साच्यावर एका चाहत्याने रचलेला आणि पुढे इतर असंख्य चाहत्यांनी वाढवत नेलेला, ब्राउझरमध्ये खेळायचा मिक्सिंगचा खेळ. पहिली आवृत्ती २०२४ मधली. पडद्यावर सात मूक आकृत्या एका रांगेत उभ्या असतात आणि त्यांच्याखाली वीस चिन्हे मांडलेली असतात. चिन्ह ओढून आकृतीवर सोडले की ती एका पात्राचे रूप घेते आणि त्या पात्राचा आवाज काढू लागते. हार-जीत, गुण किंवा वेळेची मर्यादा यात नसते. वाद्य वाजवता येण्याची किंवा नोटेशन वाचता येण्याचीही गरज नसते.

मूळ साचा : फ्रान्समधील ‘सो फार सो गुड’ या छोट्या चमूने २००९ मध्ये इन्क्रेडिबॉक्स आणला. त्यात बीटबॉक्सिंग करणारी, म्हणजे केवळ तोंडाने ताल आणि वाद्यांचे आवाज काढणारी, सात माणसे आहेत. आवाजांचे गट चार : ठेका, परिणामध्वनी, सुरावट आणि गायन, प्रत्येक गटात पाच. तबल्याचे बोल तोंडाने म्हणण्याची पढंत ज्यांनी ऐकली आहे, त्यांना तोंडाने उभ्या केलेल्या तालाची ही कल्पना परकी वाटणार नाही. पुढच्या आवृत्त्यांत वेगवेगळ्या शैली आल्या. त्यांतल्या सातव्या आवृत्तीचे नाव ‘जीवन’ असून ती भारतीय संगीताच्या रंगात बांधलेली आहे.

आवाज जुळतात कसे : सर्व तुकडे एकाच लयीत, परस्परांना साजणाऱ्या स्वरांत आणि ठरलेल्या मापात रेकॉर्ड केलेले असतात. नवे चिन्ह सोडले तरी त्याचा आवाज लगेच सुरू होत नाही. चालू आवर्तन संपेपर्यंत तो थांबतो आणि पुढच्या समेवर प्रवेश करतो. बेसूर होण्याची भीती अशी आधीच काढून टाकलेली आहे. खेळाडूने ठरवायचे ते इतकेच : कोणाला बोलवायचे, कोणाला गप्प करायचे, आणि केव्हा. पण यातच संगीतरचनेचा गाभा आहे. विसांतून सात आवाज निवडण्याचे ७७,५२० प्रकार होतात, आणि कोण आधी आला व कोण मागून आला हे त्यात मोजलेलेच नाही. सातही जागा घाईने भरणाऱ्याला गजबज ऐकू येते. दोन ठेक्यांवर काही आवर्तने थांबून मग एकच सुरावट सोडणाऱ्याला गाणे सापडते.

अ‍ॅनिमेशन : या खेळातले अ‍ॅनिमेशन अनेकांना सजावट वाटते. प्रत्यक्षात ते नोटेशनचे काम करते. सात आवाज एकत्र वाजत असताना नवख्या कानाला त्यांतला एक वेगळा काढता येत नाही. इथे डोळा त्याला हात देतो. ज्या पात्राचे तोंड आता उघडले त्याचाच हा सूर, ज्याची मान आता झुकली त्याचाच हा ठोका, हे पाहता पाहता कळते. बराच वेळ निश्चल राहून आवर्तनाच्या शेवटी एकदाच हलणारे पात्र दिसले की संगीतातली विश्रांती म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. स्प्रंकीने मूळ खेळातली माणसे काढून रंगीत, शिंगे-कान असलेले जीव आणले : नारिंगी ओरेन, लाल रॅडी, पांढरी वेंडा, गुलाबी पिंकी, जांभळा डर्पल, शिवाय एक झाड, एक सूर्य आणि एक संगणकसुद्धा. रंग आणि आकार इतके वेगळे असल्यामुळे प्रत्येक आवाजाला लक्षात राहणारा चेहरा मिळाला. मुले ठेक्याला ठेका म्हणत नाहीत, ओरेन म्हणतात.

काळी टोपी : विसांतले एक चिन्ह, काळी टोपी, ब्लॅक या पात्राचे आहे. ते एखाद्या आकृतीवर सोडताच पार्श्वभूमी काळवंडते, हसरी पात्रे जखमी किंवा विद्रूप दिसू लागतात आणि त्यांचे आवाजही बदलतात. खेळाडूने केलेली मांडणी मात्र तशीच राहते. तीच सात पात्रे त्याच जागी उभी असतात. आपणच रचलेले गाणे डोळ्यांदेखत अंधारात शिरते, आणि या एका हालचालीतच स्प्रंकीचे खरे सामर्थ्य आहे. एका शब्दाचेही निवेदन नसताना इथे काहीतरी भयंकर घडले आहे हे कळते. काय घडले असेल, याच्या कथा चाहते रचत राहतात. या भागात रक्त आणि मृत्यूची चित्रे आहेत. सुरुवातीचे गोंडस रूप पाहून लहान मुलाच्या हाती फोन देणाऱ्या पालकांनी हे आधी स्वतः पाहून घेतले पाहिजे.

चाहत्यांच्या आवृत्त्या : मूळ खेळात बदल करून केलेल्या रूपाला ‘मॉड’ म्हणतात. इन्क्रेडिबॉक्सचे मॉड स्प्रंकीच्या आधीपासून बनत होते. अशा मॉडचे एक मोठे माहेरघर म्हणजे स्क्रॅच, एमआयटी मीडिया लॅबमध्ये घडलेली आणि २००७ मध्ये खुली झालेली मुलांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा. तिथे दुसऱ्याचा प्रकल्प उघडून, त्याचे श्रेय देऊन, त्यावर आपला प्रकल्प बांधता येतो. मॉड करणाऱ्याला प्रत्येक पात्राच्या हालचालीची चित्रे काढावी लागतात, ती ध्वनीच्या मात्रांशी जुळवावी लागतात आणि तुकड्याचा शेवट त्याच्या सुरुवातीला असा जोडावा लागतो की सांधा ऐकू येऊ नये. काम चिकाटीचे आहे, आणि ते करणाऱ्यांत शाळकरी मुले पुष्कळ आहेत. स्प्रंकीच्या पुढच्या रूपांना ‘फेज’ म्हणतात. त्यांचे क्रमांक कोणा एका लेखकाने दिलेले नाहीत. एकाच क्रमांकाचे दोन वेगळे खेळ सापडतात. स्प्रंकीचा मूळ रचनाकार टोपणनावानेच ओळखला जातो, त्यामुळे नक्कल आणि पुढची रचना यांतली सीमा पुसट राहते.