शाहीर अमर शेख : गाणी लिहिणारा, गाणारा आणि पडद्यावर दिसलेला

शाहीर अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म 20 ऑक्टोबर 1916, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. ओव्या आणि लोकगीतं त्यांना आई मुनेरबींकडून मिळाली. घरची गरिबी अशी की शिक्षण अर्धवट सोडून मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार. संपात उतरले आणि विसापूरच्या तुरुंगात गेले.

सिनेमाशी त्यांचा संबंध नंतरचा नाही, सुरुवातीचाच. कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत ते काम करत होते आणि तिथंच मेहबूबचा ‘अमर’ झाला. नाव बदललं, तरी ‘शेख’ त्यांनी शेवटपर्यंत जपलं, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

1944 साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. हातात डफ आणि मैदान भरून टाकणारा पहाडी आवाज. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आणि गोवामुक्तीच्या आंदोलनात या आवाजानं लोक गोळा केले. 1962 च्या चीन युद्धात देशासाठी निधी जमवायला ते गावोगाव गायले. मराठी मुसलमानाला ‘तुम्ही मराठी कसे?’ असं आजही विचारलं जातं, तेव्हा हा इतिहास आपल्याच पोरांना ठाऊक नसतो, याचं दुःख जास्त होतं.

लोक त्यांना गायक म्हणून ओळखतात, पण ते मुळात कवी होते. ‘अमरगीत’, ‘कलश’, ‘धरतीमाता’ हे त्यांचे संग्रह, ‘पहिला बळी’ हे नाटक. शिवाय ‘युगदीप’ आणि ‘वख्त की आवाज’ ही नियतकालिकंही चालवली. सभेतल्या टाळ्यांमुळे हे लेखन मागे पडलं, असं आमचं मत आहे.

चित्रपट मोजकेच. आचार्य अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’मध्ये (1954) त्यांनी काम केलं. या चित्रपटाला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. पण खरी ओळख ‘प्रपंच’ची (1961). ग. दि. माडगूळकरांची कथा, दिग्दर्शक मधुकर पाठक, सोबत सुलोचनाबाई. पोरांचं लेंढार आणि कर्ज यांच्याखाली दबलेला कुंभार अमर शेख यांनी उभा केला. ज्या माणसाचं नाव घेतलं की गर्जना आठवते, तोच इथं खचलेला, हतबल दिसतो. उपाशी घर कसं असतं हे बार्शीत पाहिलेल्या माणसाला ते वेगळं शिकवावं लागलं नसणार! आवाजापलीकडचे अमर शेख बघायचे असतील तर हा चित्रपट जरूर बघावा.

29 ऑगस्ट 1969 रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात त्यांचं निधन झालं. वय अवघं 52. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. कन्या मलिका अमर शेख मराठीतल्या नामवंत कवयित्री आहेत.